चार मागांच्या खोलीतून ऐकलेला अल्बम : टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट'

रेकॉर्ड हातात आली तेव्हा कव्हरचा एक कोपरा दुमडलेला होता. ऑनलाइन मागवली होती, पावणेतीन हजार मोजून. विकणाऱ्याला फोटो पाठवले. दोन आठवडे काही उत्तर नाही, मग "कव्हरची जबाबदारी आमची नाही" एवढी एक ओळ आली. परत पाठवायची म्हणून खोकं बांधूनही ठेवलं होतं. पण त्या संध्याकाळी पाऊस लागला होता, करंट होता आणि घरात कुणी नव्हतं. एक बाजू तरी ऐकून बघू म्हणून सुई टेकवली. रेकॉर्ड परत गेली नाही. तेव्हा कव्हरची तक्रार इथंच संपवते आणि आत काय आहे ते सांगते.

टॉकिंग हेड्स हा न्यूयॉर्कचा बँड. 'रिमेन इन लाइट' हा त्यांचा चौथा स्टुडिओ अल्बम, ८ ऑक्टोबर १९८० ला सायर रेकॉर्ड्सनं काढलेला. आठ गाणी, साधारण चाळीस मिनिटं. दुकानात आणि अ‍ॅपवर तो 'न्यू वेव्ह' या कप्प्यात सापडेल. पंकच्या आरडाओरड्यानंतर ज्या पोरांनी गिटारी जरा आवरत्या घेतल्या, की-बोर्ड आणि नाचाचा ठेका आत घेतला, त्यांना हे नाव पडलं. या अल्बमला मात्र ते अपुरं पडतं.

माझा या अल्बमशी संबंध मागांमुळं आला, म्हणून आधी ते सांगावं लागेल.

बेळगावच्या वडगावात आमच्या घरी मागच्या पडवीत चार यंत्रमाग होते. दोन आप्पांचे, दोन काकांचे. वडगाव, खासबाग, शहापूरकडच्या लोकांना यातलं काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. एका मागाचा ठेका एकच असतो. पिकर नावाचा ठोकळा धोट्याला, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नावेला, मारतो, धोटा पलीकडं जातो, फणी येऊन धागा ठोकते, धोटा परत येतो. खटाक-खट, खटाक-खट, मिनिटाला शंभराच्या वर. पण चार माग एकदम चालू झाले की ऐकू येतं ते वेगळंच. प्रत्येकाची मोटर वेगळी, पट्टा वेगळा, एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा केसभर कमी. त्यामुळं मधेच दोन माग जुळतात, पाच-सहा ठोके एकदमच पडतात, आणि परत हळूहळू एकमेकांपासून सुटतात. रात्री अंथरुणात पडून मी त्यांची गाठ पडायची वाट बघत असे. तीन माग जुळलेले पुष्कळदा ऐकलेत. चारही एकदाच जुळले, तेव्हा मी आईला हलवून उठवलं होतं. ती उठेपर्यंत सुटले.

१९९६ साली मी अकरावीत होते. मावसभाऊ पणजीला हॉटेलात कामाला होता. तिथल्या एका परदेशी पाहुण्यानं जाताना त्याला पाच-सहा कॅसेटी देऊन टाकल्या, त्यातली एक माझ्या वाट्याला आली. वर निळ्या शाईत बँडचं नाव तेवढं लिहिलेलं, गाण्यांची यादी नाही. आप्पांचा टू-इन-वन मागांच्या खोलीतच असायचा. मी कांड्या, म्हणजे धोट्यातली धाग्याची रिळं, भरत बसले होते, कॅसेट घातली, आणि पहिलं गाणं सुरू झाल्यावर मला टेप कुठं संपतो आणि माग कुठं सुरू होतात ते कळेना. बेस, म्हणजे जाड सुरांचं गिटार, एका जागी धडकतोय, मध्ये एक गिटार दोनच सूर टिकटिकतंय, वरून घंटीसारखं काही, आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही. तरी सगळं एकत्र उभं आहे. आप्पांनी मान वर करून "हे काय लावलंईस?" विचारलं. बंद कर म्हणाले नाहीत.

हे असं का वाजतं ते मला फार नंतर समजलं. १९८० च्या उन्हाळ्यात हे लोक बहामाला, नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेले. गाणारा डेव्हिड बर्न, बेसवर टिना वेमथ, ड्रमवर ख्रिस फ्रँट्झ, की-बोर्ड आणि गिटारवर जेरी हॅरिसन, आणि निर्माता म्हणून ब्रायन इनो. या बँडचे आधीचे दोन अल्बमही इनोनंच केले होते. या वेळी हातात तयार गाणी नव्हती. एकानं एक लहानसा तुकडा वाजवायचा आणि तोच वाजवत राहायचं. त्यावर दुसऱ्यानं आपला तुकडा बसवायचा, मग तिसऱ्यानं. आज असले तुकडे कॉम्प्युटर फिरवतो, तेव्हा माणसंच मिनिटं न् मिनिटं न चुकता तेच वाजवत होती. सगळे तुकडे टेपच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरले, आणि शेवटी मिक्सिंगच्या टेबलावर कुठली पट्टी कधी चालू करायची, कधी बंद, यातून गाणं घडवलं.

त्यामुळं या गाण्यांत आपल्या सवयीची चढण नाही. इंग्रजी गाण्यात कडवं संपलं की कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा, बदलतो आणि धृपदाला गाणं उचललं जातं. इथं बहुतेक वेळा कॉर्ड बदलतच नाही, गाणं एकाच सुराभोवती बसतं. ते दाट होत जातं. ताणा, म्हणजे उभे धागे, लावलेला आहे आणि बाण्याचा एकेक आडवा धागा येऊन बसतोय, असं. हा गुण ज्याला आवडेल त्याला अल्बम आवडेल. ज्याला गाण्यानं कुठंतरी घेऊन जावं असं वाटतं, त्यानं पहिल्या गाण्याची दोन मिनिटं ऐकूनच रेकॉर्ड घ्यायची की नाही ते ठरवावं.

बर्ननं शब्दही शेवटी घातले. आधी नुसतीच अर्थ नसलेली अक्षरं गाऊन चाल बसवायची, मग त्या अक्षरांच्या मापाचे शब्द शोधायचे. शास्त्रीय गाण्यातली नोम-तोमची आलापी ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आणि म्हणूनच माझ्यासारखीला, जिला अकरावीत त्यातली पाव ओळसुद्धा कळत नव्हती, ही गाणी पूर्ण पोचली.

या साऱ्यामागं मोठा माणूस आहे तो नायजेरियाचा फेला कुटी. दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं एकाच ठेक्यावर उभी राहणारी त्याची गाणी हे लोक त्या काळात ऐकत होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. अल्बमबरोबर पत्रकारांना वाचायच्या पुस्तकांची यादी पाठवली, तिच्यात आफ्रिकी तालावरचं जॉन मिलर चर्नॉफचं पुस्तक होतं. तरी हे प्रकरण यादीवर मिटत नाही असं मला वाटतं. बेनिनची गायिका अँजेलिक किजो हिनं पॅरिसला आल्यावर यातलं एक गाणं ऐकलं आणि हे तर आपल्याकडचं आहे म्हणून ओळखलं. २०१८ मध्ये तिनं हा अख्खा अल्बम आपल्या पद्धतीनं पुन्हा केला, त्यात फेलाच्या बँडचा ड्रमवाला टोनी अ‍ॅलन वाजवतो. हा विकत घेतलात तर तोही ऐका. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर उसनं कुठलं आणि घरचं कुठलं ते कानाला आपोआप कळतं.

आता गाणी. पहिल्या बाजूला तीनच आहेत, 'बॉर्न अंडर पंचेस', 'क्रॉसआइड अँड पेनलेस' आणि 'द ग्रेट कर्व्ह'. तिन्ही वेगाची, तिन्ही सलग ऐकायची. पहिल्यातला बेस ऐका. टिना वेमथ सूर वाजवते तेवढ्याच जागा मोकळ्या सोडते, आणि गाणं त्या मोकळ्या जागांवर चालतं. मधे गिटारचा एक तुकडा येतो, तो गिटार वाटतच नाही, यंत्र आपापसात बोलल्यासारखं वाटतं. दुसऱ्या गाण्याच्या शेवटाकडं बर्न गाणं सोडून बोलायलाच लागतो, त्या वेळी न्यूयॉर्कात नव्यानं गाजणाऱ्या रॅपच्या चालीवर. 'द ग्रेट कर्व्ह' साडेसहा मिनिटांचं. त्यात गाणाऱ्यांचे तीन थर आहेत आणि प्रत्येक थर वेगळी ओळ गातो. पाहुणी गायिका नोना हेंड्रिक्सचा आवाज त्यात आहे. वरून दुसरा पाहुणा एड्रियन बेल्यू याचं गिटार हत्तीनं चीत्कार करावा तसं येतं. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आपलं ढोल-ताशा पथक एका चौकात आणि दुसऱ्याचं पुढच्या चौकात, दोघांच्या मधे आपण उभे असतो, त्या जागेवर काय ऐकू येतं ते आठवा. या गाण्यात ती जागा आहे.

दुसरी बाजू हळूहळू उतरत जाते. तिच्यातलं पहिलं 'वन्स इन अ लाइफटाइम' सगळ्यांना ठाऊक असतं, त्याच्याकडं शेवटी येते.

'हाउसेस इन मोशन' बद्दल मात्र थांबून बोलायचंय, कारण ते आपल्या भागाशी येऊन भिडतं. या गाण्यात जॉन हॅसेलचं ट्रंपेट आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते ट्रंपेट आहे हेच समजलं नव्हतं. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकत मोठी झालेली मी, ट्रंपेट म्हणजे खणखणीत, सुटे सूर अशी समजूत. इथं सूर एकमेकांत घसरत जातात, मधे श्वास मिसळलेला, मींड घेतल्यासारखा. पुढं वाचनात आलं की ती खरोखरच मींड आहे. हॅसेल पंडित प्राणनाथांकडं शिकला होता. प्राणनाथ हे अब्दुल वाहिद खाँसाहेबांचे शागीर्द, म्हणजे किराणा घराणं. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांकडं गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. मिरज आमच्यापासून रेल्वेनं तीन तासांवर, कुंदगोळ हुबळीच्या पलीकडं. ज्या गळ्यांच्या टेपा आमच्याकडं दिवाळीच्या पहाटे लागतात, त्याच घराण्याचा सूर वाकडी वाट धरून बहामात घडलेल्या अल्बमात पोचला. हे समजल्यावर मी ते गाणं परत लावलं, दिवा बंद करून, आणि मला रडू आलं. यापेक्षा जास्त सांगता येत नाही.

'सीन अँड नॉट सीन' हे बोललेलं गाणं आहे, आपला चेहरा मनातल्या चेहऱ्यासारखा हळूहळू बदलू बघणाऱ्या माणसाबद्दल. लहान आहे, नेमकं आहे. 'लिसनिंग विंड' मध्ये मोजीक नावाचा गावकरी आपल्या मुलखात आलेल्या परक्यांना टपालानं स्फोटकं पाठवतो. गाणारा त्याला शहाणा म्हणत नाही आणि राक्षसही म्हणत नाही, त्याच्या शेजारी उभा राहून सांगतो. इतक्या गोड चालीवर हे ऐकताना दरवेळी माझ्या पोटात गोळा येतो. शेवटचं 'द ओव्हरलोड' सहा मिनिटांचं आहे. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडची गाणी न ऐकता, नुसती त्यांच्याबद्दल वाचून तसं काही करायचा तो प्रयत्न होता असं सांगतात. मला ते लांबलेलं वाटतं. आधीच्या सात गाण्यांत माणसं एकमेकांना सांभाळून वाजवतात, इथं सगळे एकाच घोंगावण्यात बुडून जातात. दोन वेळा ऐकलं तर एक वेळ मी सुई आधीच उचलते.

छापलेल्या वस्तूबद्दल. दुमडलेला कोपरा सोडला तर माझी प्रत चांगली आहे. आवाजात खरखर नाही, बेस गुबगुबीत न होता घट्ट राहिलाय. कव्हरवर चौघांचे चेहरे, त्यांवर कॉम्प्युटरनं फासलेले लाल मुखवटे, आणि बँडच्या नावातले ए उलटे छापलेले. १९८० साली कॉम्प्युटरवर कव्हर करणं म्हणजे किती किचकट काम असेल. मागच्या बाजूला डोंगररांगेवरून उडणारी लाल लढाऊ विमानं आहेत, टिनाचे वडील अमेरिकेच्या नौदलात होते त्यांच्या आठवणीसाठी. रेकॉर्डवर खर्च करायचा नसेल तर अ‍ॅपवर ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. बेस जातो, आणि बेस गेला की मागाचा बीमच, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळच, काढून घेतल्यासारखं होतं. बरे हेडफोन पुरतात.

एक गोष्ट मला या अल्बमची लागून राहिलीये. सगळ्यांनी मिळून तुकड्या-तुकड्यानं विणलेलं हे काम. श्रेय पाचही जणांना सारखं, नावं अक्षरांच्या क्रमानं, असं ठरलं होतं असं फ्रँट्झ आणि वेमथ यांचं म्हणणं. कव्हर छापून आलं तेव्हा त्यावर डेव्हिड बर्न, ब्रायन इनो आणि मग नुसतं 'टॉकिंग हेड्स' असं होतं. पुढच्या आवृत्त्यांत पाचही नावं आली, पण ती कडवट चव राहून गेली. आप्पा पस्तीस वर्षं साड्या विणत होते. साडीच्या घडीवर शिक्का व्यापाऱ्याचा. त्यावर आप्पा कधी बोलले नाहीत, पण लग्नात कुणी आमच्याच मागावरची साडी नेसून आली की ते लांबून ओळखायचे आणि आईला कोपरानं खुणावायचे. म्हणून मी हा अल्बम कुणाला ऐकवते तेव्हा पहिल्यांदा सांगते, बेसवर टिना वेमथ, ड्रमवर ख्रिस फ्रँट्झ, जेरी हॅरिसन. आणि बाकीचेही. हा अल्बम चौघांना मंचावर वाजवता येईना, म्हणून बँड नऊ-दहा माणसांचा करावा लागला. १९८० च्या डिसेंबरात रोमला झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रण आहे, ते बघा. प्रत्येकाचा हात कशात गुंतलाय ते डोळ्यांना दिसतं.

आता 'वन्स इन अ लाइफटाइम'. रेडिओवर प्रवचन देणाऱ्या अमेरिकन पाद्र्यांच्या बोलण्याचा चढउतार बर्ननं यात घेतलाय. मध्यमवयीन माणूस आपल्याच घराकडं, बायकोकडं बघून मी इथं कसा पोचलो असं विचारतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते विचित्र वाटायचं, आता पंचेचाळीशीत वाटत नाही. पण मला सांगायचंय ते तालाबद्दल. हे गाणं घडताना इनोला सम, म्हणजे ठेक्याच्या आवर्तनाची सुरुवात, बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी ऐकू येत होती. गाणं टाकून द्यायची वेळ आली होती, शेवटी दोन्ही ऐकणी त्यात राहिली.

हे वाचलं होतं, पण कानानं मला कळलं नव्हतं. ते काकांनी दाखवलं. काका आता चौऱ्याहत्तरचे. माग केव्हाच विकले, दोन तर भंगारात गेले. भजनी मंडळात पखवाज मात्र अजून त्यांचाच. या आषाढात मंगाईच्या यात्रेला ते आमच्याकडं जेवायला आले होते. जेवण झाल्यावर मी दुसरी बाजू लावली. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हे पुढं जाईना की गे. तिथल्या तिथंच हाय."

"काका, तुम्ही ठेका धरा की. सम कुठं आहे सांगा."

त्यांनी मांडीवर बोटं धरली. मान हलली, आणि ज्या जागी मी अठ्ठावीस वर्षं सम मानत आले होते तिच्यापासून बरोबर अर्ध्यावर त्यांची थाप पडली.

"तिथं नाही काका, इथं आहे."

"हितंच हाय. ऐक की नीट. बेस बघ कुठं बसतोय."

सुई मागं नेली. त्यांचं बरोबर वाटलं. तिसऱ्यांदा नेली तर माझं बरोबर. काका गप्प झाले, चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटले. चौथ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा ते उजव्या हातानं त्यांची सम देत होते आणि डाव्या हातानं माझी. दोन्ही हात आपापल्या वाटेनं चालले होते, आणि ते इतके सहज चालले होते की मला मागच्या पडवीतला आवाज आल्यासारखा झाला. गाणं संपलं तरी हात थांबले नाहीत. हॅसेलचं ट्रंपेट सुरू झालं तसं त्यांनी डोळे उघडले.

"हा कोण गे?"

मी रेकॉर्डचा आवाज थोडा वाढवला आणि त्यांना मिरजेपासून सांगायला सुरुवात केली.